कोळशानं ओढलेला येसर

मद्रास, १० मार्च १९८५

ती. अव्वास नीलम्माचा शरणार्थ.

तुराट्यांच्या कोळशाचं पोतं पोचलं. पत्त्यावर आता जिल्हा लातूर लिहिते, तरी हात उस्मानाबादकडंच वळतो. मी धड आहे.

अव्वा, पोत्यातच आमटीच्या येसर-मसाल्याची पुडी कोंबलीस ना? येसराला वासच उरला नाही. कोळशाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, त्यानं सगळा ओढून घेतला. भट्टीत कोळसा तापवला तेव्हा वास सुटला आणि प्रयोगशाळाभर आपल्या आमटीचा घमघमाट झाला. मी बनवतेय ती बर्फाची पेटीही अशीच चालते. रात्री कोळसा स्पिरिटची वाफ ओढतो, तेव्हा स्पिरिट गार पडतं आणि शेजारचं पाणीही. दिवसा उन्हानं वाफ पुन्हा सुटते. वीज लागत नाही.

बर्फ मात्र अजून झालेला नाही. सर म्हणतात, नारळाच्या करवंटीचा कोळसा जास्त ओढतो, तो घे आणि मोकळी हो. मी नाही म्हटलं. उदगीरला करवंट्या कुठल्या? वीज गेली की आपल्या दवाखान्यातल्या लसी वाया जातात. ही पेटी तिथं चालायला हवी, तिथल्याच कोळशावर.

टँकर येतो का? घागरी तू एकटी वाहू नकोस.

संगप्पाकाका म्हणाले म्हणे, "कोळसाच करायचा तर घरची चूल काय वाईट हाय?" त्यांना सांग, बर्फ झाल्याबिगर मी येत नाही. अक्षयतृतीयेच्या पाहुण्यांना पोरगी बघायचीच असेल, तर त्यांनी मद्रासला यावं. हात काळे असतील. मी धुणार नाही.

तुझीच,
नीलम्मा