सुतकातली अंडी

जिवंत होतीस तोवर घरचं अंडं मला सुखानं खाऊ दिलं नाहीस. मेलीस, तर तेराव्यापर्यंत घरात अंडं शिजायची सोय ठेवली नाहीस. शेवटी तुझंच खरं केलंस ना?

असो. शालन, तुझ्या थोरल्या जावेचा आशीर्वाद. पत्र लिहायला कारण घडलंय. आज सकाळी भुरी कोंबडीनं पिल्लं काढली. सांगू कुणाला? माझा महेश मोहालीला ऑफिसात, सून ड्यूटीवर, नात गौरी शाळेत. आणि सांगितलं तरी माझ्याशी भांडणार कोण?

रांग मोडून पुढे गेलीस, हे आधी लिहून ठेवते. नंबर माझा होता. दवाखान्यात तू येईल त्याला पुढे सोडायचीस, मग इथंच कसली घाई झाली होती गं?

आपले नवरे, दोघे भाऊ, फौजेतून सुटून इथंच उत्तरेत मनीमाजऱ्यात राहिले, तेव्हापासून मागच्या अंगणात खुराडं आणि खुराड्यावरून आपलं भांडण. तू म्हणायचीस, "अक्का, घरात कोंबडा आहे, म्हणजे अंड्यात पिल्लू आहे." मी म्हणायची, "ऊब मिळेल तेव्हा पिल्लू. सकाळी घातलेलं दुपारी तव्यावर गेलं तर ते अंडंच." कोंबडीचा रस्सा मात्र दोनदा वाढून घ्यायचीस! त्यात जीव नव्हता होय? भुरी खुडूक झाली, अंड्यांवरून उठेना, की अंगातली ऊब उतरायला मी तिला नळाखाली धरायची. तू त्या ओल्या कोंबडीला पदरात घेऊन माझ्याकडे बघायचीस, जसं काही तुलाच बुडवलं.

तुझ्या सुतकात अंडी कुणी उचललीच नाहीत. कोंबड्यांना कुठलं सूतक? त्या घालत राहिल्या. टोपलीत ढीग झाला आणि भुरी त्यावर फतकल मारून बसली. पाहुण्यांच्या गर्दीत लक्ष कुणाचं?

तेरावं झालं आणि महेशला आम्लेट आठवलं. सुनेनं भुरीखालचं अंडं आणलं, फोडलं आणि किंचाळली. लाल दोरे, नि काळा टिपका डोळ्याचा. वाटीसकट फेकून आली. गौरी विचारते, "आजी, बाकी सब में भी बेबी है?"

म्हटलं, "भुरी बसलीय त्यात असेल. दुसऱ्या कोंबड्या आज घालतील ते खा की."

पण पोर तुझ्यावर गेलीय. अजून तोंड लावत नाही. मी रोज खाते, आजही खाल्लं. नाक मुरडू नकोस.

महेशनं कोंबड्या नेणाऱ्याला बोलावलं. मीही हो म्हटलं होतं. हौस तुझी, तूच नाहीस, मग घाण मी का काढू? तो माणूस पिंजरा घेऊन आला. भुरी अंग फुगवून बसलेली. त्यानं तिच्या पंखाला हात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भैया, घर में सूतक है. बाद में आना."

"आई, सूतक संपलं की," महेश म्हणाला.

"तुझं संपलं असेल."

माणूस रिकामा पिंजरा घेऊन गेला.

सगळी अंडी फुटली नाहीत. काही गार निघाली, एक नासकं असं फुटलं की गल्लीनं नाक धरलं. पण जी पिल्लं निघालीत ती खणखणीत आहेत. एक काळं तर आत्ताच आईच्या डोक्यावर चढतंय. तू असतीस तर कामं टाकून तिथंच बसली असतीस.

तुला शब्द देते, मी आहे तोवर खुराडं मोडणार नाही. भुरी पुन्हा बसली तर बसू देईन. नर वाढले तर मात्र कापणार, ते आत्ताच सांगते.

एकच अडचण आहे. तिन्हीसांजेला अंगणात बोके येतात. तू कसलासा आवाज काढायचीस आणि भुरी धावत आत जायची. मी किती तऱ्हांनी हाका मारल्या, ती ढुंकून बघत नाही. आता तर पिल्लं आहेत. तो आवाज कसा होता गं? इतकी वर्षं शेजारी बसून मी नीट ऐकलाच नाही.

भावोजी तिकडे भेटले असतील, पण त्यांच्याकडून निरोप नको. ताटात आल्याशिवाय त्यांना कोंबडी ओळखू यायची नाही. उत्तर तूच द्यायचं, आणि अंधार पडायच्या आत.

तुझी थोरली जाऊ,
यशोदा