काचेआडून केलेली सही

प्रिय ट्रिना,

तुझ्या सहीचं पत्र ओपल टकरने फ्रिजवर चिकटवलंय, नातवंडांच्या चित्रांच्या मधोमध. "अभिलेखानुसार टकर नंबर तीन ही तेलविहीर रीतसर बुजवलेली आहे. सबब तक्रार निकाली." वाचून माझं डोकंच फिरलं. सबब! ओक्लाहोमाच्या राजधानीत एसीच्या गारव्यात बसून निकाली काढायला ती काय नुसती फाइल आहे? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं पिण्याचं पाणी आहे ते. तिने अपील केलंय आणि पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे, हे तुला ठाऊक आहेच.

गेल्या आठवड्यात तिने मला तिच्या बोअरचं पाणी दिलं. एक घोट घेतला आणि सिंकमध्ये थुंकलो. खारट, वर रॉकेलसारखा वास. ओपल म्हणाली, "आता कळलं का डेल्बर्ट, माझ्या गाई तुझ्या खात्यापेक्षा शहाण्या आहेत ते? महिनाभर तोंड लावत नाहीयेत." तीस वर्षं राज्याच्या पगारावर तेलविहिरी तपासल्या. निवृत्त झालो तरी तिच्या लेखी खातं अजून माझंच.

म्हणून रविवारी फोनवर तुला नको नको ते बोललो. गाडीतून न उतरता, पुढच्या काचेतूनच विहीर बघून सही ठोकणाऱ्याला आपण 'काचवाला' म्हणतो, आणि आपल्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. ती मी पोटच्या पोरीला हासडली. नऊ वर्षांची असताना तुला बरोबर न्यायचो, आठवतं? सिमेंट शेवटच्या पोत्यापर्यंत उभं राहून ओतून घ्यायचं, पाइपला हात लावायचा, साबणाचं पाणी फासून बुडबुडे येतात का बघायचं. ते सगळं पुन्हा उगाळलं. तू एवढंच म्हणालीस, "डॅडी, नोंद एका चांगल्या माणसाची आहे. त्याला आता या वयात त्रास नको." मी ओरडलो, "खड्ड्यात गेला तुझा चांगला माणूस!" आणि फोन आपटला.

काल ओपल आणि मी तिचा ट्रॅक्टर घेऊन तिच्याच रानातली टकर नंबर तीन उकरायला गेलो. आधी तिला सिगारेट विझवायला लावली, त्यावरून ती अर्धा तास कुरकुरत होती. लोखंडी झाकणी जागेवर होती, तिच्यावर नंबरही छान वेल्ड केलेला. गंजली होती, पहारीच्या दोन हिसक्यांत निघाली. खाली सिमेंट कसलं! एक लाकडी खांब ठोकलेला, भोवती चिंध्या कोंबलेल्या, आणि फटींतून खारं पाणी बुडबुडतंय. विहिरीची मालक कंपनी तर केव्हाच गाशा गुंडाळून पसार झाली. अशा विहिरीला खातं 'अनाथ' म्हणतं, जसे काही तिचे आईबाप अपघातात गेले! ओपलने खांब निरखला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, हा तर माझ्याच कुंपणाचा! आणि बावीस वर्षं मी त्या पलीकडच्या हेन्सलीला चोर म्हणतेय."

आज सकाळी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन मूळ नोंद काढायला लावली. त्या काचवाल्याला नाव घेऊन शिव्या घालायच्या होत्या मला. खिडकीतल्या बाईने कागद पुढे सरकवला आणि दुसरीकडे बघू लागली. "सिमेंट समक्ष ओतताना पाहिले." तारीख सोळा मे. खाली माझी सही.

हजारभर विहिरींतली एक. खरंच विसरलो होतो ग. पण ती तारीख कशी विसरेन? त्या संध्याकाळी तुझ्या शाळेचा बँड होता, तू पहिल्यांदाच एकटीने ट्रंपेट वाजवणार होतीस. कंपनीचा माणूस गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "झालंय सगळं साहेब, तुम्ही निघा. पोरगी वाट बघत असेल." मी मांडीवर कागद ठेवून सही केली. वेळेवर पोचलो, पहिल्या रांगेत बसलो. कार्यक्रम संपल्यावर तू मला मिठी मारलीस आणि खाली बघून विचारलंस, "डॅडी, आज तुमच्या बुटांना माती कशी नाही?" मी हसून वेळ मारून नेली.

तू ती सही ओळखलीस, म्हणून फाइल मिटवलीस आणि वर माझ्याच शिव्या खाल्ल्यास. तरी माझा राग गेलेला नाही, ट्रिना. माझं नाव राखायला तू ओपलला खारं पाणी पाजलंस. आणि स्वतःचा राग तर विचारूच नकोस. गुरुवारी मी राजधानीत येऊन शपथेवर सांगणार आहे की काचवाला मी होतो. तुला ते तिथे सगळ्यांदेखत ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. त्याआधी तू इथे ये. गाडीतून उतर, त्या खांबाला हात लाव आणि तुझ्या हाताने ती फाइल पुन्हा उघड. कालचे चिखलाने भरलेले बूट मी पुसलेले नाहीत. गुरुवारी तेच घालून येईन.

तुझाच,
डॅडी