माझ्या लेकीला न जमणारं ख्रिस्ती बोलणं

आई, तू न पाहिलेल्या तुझ्या नातीची मला भीती वाटते. दहा वर्षांची आहे, केडगावला शाळेत जाते आणि शनिवारी गॅदरिंगमध्ये टीव्हीवरचा विनोदी अंकल करणार आहे. डोक्यावर हॅट, हातात बाटली आणि तोंडात "माझा बायको आला ना, मॅन!" बाईंनी सगळ्या वर्गातून हिलाच निवडलं. म्हणाल्या, "तू ख्रिश्चन ना? मग तुला काय शिकवायचं!" पण हिला जमेना. काल दुपारी मी चहा गाळत होतो, तर येऊन विचारते, "पप्पा, आपण खोटे ख्रिश्चन आहोत का? आपल्यात असं कुणीच बोलत नाही. आणि आत्याला सांगा, नऊवारी नेसून येऊ नको, चर्चला देऊळ म्हणू नको. बाईंना खोटं वाटेल." मी हसलो. ती हसली नाही.

मला कोल्हारचं शेजारणीचं घर आठवलं. तू बोर्डिंगातल्या पोरींच्या भाकरी थापून आली आहेस, डोक्यावर पदर, मनगटापर्यंत पीठ. टीव्हीवर गळ्यात क्रूस घातलेली आखूड फ्रॉकातली बाई दारू ओततेय. शेजारीण म्हणते, "बघा, तुमच्यातली!" तू नीट निरखून बघतेस. "व्हय? मंग रविवारी देवळात कशी दिसली न्हाई कदी? भजनाला मानसं कमीच पडत्यात आमाला." सगळे हसले, मीही. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं मला "ए मॅन" म्हणू लागली. मी त्यांच्याहून सरस नक्कल करून दाखवली. मार चुकला, वर टाळ्या मिळाल्या. घरी तेच करून दाखवलं तेव्हा तुझा हात परातीत थांबला. "कुनाचं त्वांड लावून आलास रं?" एवढंच म्हणालीस.

तेच तोंड मी पुढे विकलं. लोक मला तिखट लेखणीचा म्हणतात, पुढारी वचकून असतात. पण तो टीव्हीवरचा अंकल माझाच आहे, आई. "ख्रिश्चन आहे हे लगेच कळलं पाहिजे," असं वाहिनीवाले म्हणाले आणि मी त्याच्या हातात बाटली लिहून दिली. तुझ्यासारखी एखादी बाई चालेल का, हे मी विचारलंसुद्धा नाही. आपल्यातलं दुसरं माणूस पोरीने पडद्यावर कधी पाहिलेलंच नाही. मग अंकल खरा आणि आत्या खोटी, हे तिने ठरवलं तर तिचं चुकलं कुठे? आणि शनिवारी बाईंनी माईकवरून लेखकाचं नाव घेतलं तर?

काल तिला खरं सांगायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच एकदा म्हणून दाखवा ना." मी दाखवलं. तिचा हेल चुकत होता, तो सुधारला. तीनदा. आता तिला झकास जमतं. संध्याकाळी कोल्हारला ताईला फोन केला, म्हटलं, गर्दी फार असते, तू नको येऊस. ती म्हणाली, "बरं. पन पोरगी काय व्हनार हाय रं?" मी "रेंज नाही" म्हणून फोन ठेवला. हा कागदही आता खिशातच बाळगावा लागणार. घरात ठेवायची सोय नाही, पोरीला मराठी छान वाचता येतं.