मावशीची लाँड्री आणि तळ्याचं पाणी

५ मार्च
झालं! तळं आटत आलं आणि खापर फुटलं मावशीच्या लाँड्रीवर. हॉस्पिटलच्या चादरी धुते, फेस तळ्यात जातो, सगळ्यांना दिसतो. नगरपालिका लाँड्रीच बंद करायला निघालीय. काका गेल्यापासून बाईने एकटीने चालवलेली! आणि तळ्याकाठच्या धंद्यांचं वॉटर फूटप्रिंट काढायचं काम कुणाला? नगरपालिकेच्या पाणी खात्यात नोकरी करणाऱ्या मला. "अहो साहेब, मी तिची भाची!" "म्हणूनच. तू चुकलीस तर गाव तुला सोडणार नाही."

६ मार्च
मावशीला समजावलं — कुठल्या कामात किती पाणी कायमचं संपतं आणि किती घाण होतं, ते शोधायचं. "शोध. पण मशीनच्या मध्ये येऊ नकोस. आणि जेवून जा."

१२ मार्च
मावशी उपसलेलं बहुतेक पाणी तळ्यात परत सोडते! थोडं वाफेत जातं, एवढंच. खरं पाणी पितात ते शेजारच्या हरितगृहातले गुलाब. तिथून थेंबही परत येत नाही. नाचावंसं वाटलं.
पण तो फेस निवळायला तळ्याचं किती पाणी खर्ची पडतं, तेही धरावं लागतं. तो आकडा बघितला आणि गुपचूप खाली बसले.

१५ मार्च
गुलाबवाला लाँड्रीत येऊन कडाडला. गावात त्याला 'तिखट' म्हणतात, उगाच नाही. एकटा जीव, बोलतो फक्त गुलाबांशी. "तुमची भाची माझ्या मुळावर उठलीय!" मावशी कसली ऐकतेय — "तुमच्या गुलाबांचे लाड जरा कमी करा!" मशीनवरच्या बाया कामं सोडून ऐकत होत्या. मीही.

१६ मार्च
पुन्हा आला. कालचं राहिलेलं भांडायला.

२१ मार्च
सुचलं! साबण बदलायचा, चादरी विसळलेलं पाणी गाळून पाइपाने गुलाबांना द्यायचं. दोघंही तयार. साहेब खूश. मी तर हवेतच!

२२ मार्च
आपटले. फेस थांबेल, पण तळं भरणार नाही! गुलाब तेवढंच पिणार. मावशीकडून तळ्यात परत जाणारं पाणी आता वाटेतच गट्टम. एवढी शिकलेली मी, हे सुचू नये? गुलाब कमी केल्याशिवाय सुटका नाही. आणि ते करायला तिखटला सांगणार कोण?

२६ मार्च
नगरपालिकेची सभा. सगळं खरं सांगितलं, माझी चूकसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, "गुलाबांनी गावाचं नाव होतं हो. लाँड्री बंद केली की काहीतरी केलेलं दिसेल तरी." कपाळ! तिखट मावशीकडे बघत होता. मावशी उठून चादरी धुवायला निघून गेली. निर्णय उद्या.

२७ मार्च
तिखट उभा राहिला. गुलाबांचं निम्मं हरितगृह बंद करतो म्हणाला, तिथेच लिहूनही दिलं. लाँड्री वाचली! अध्यक्षांनी विचारलं, "असं एकाएकी?"
"लाँड्री बंद झाली तर मी रोज भांडायला जाऊ कुठे?"
मावशी — जिला हॉस्पिटलचे डॉक्टरसुद्धा टरकतात — चक्क लाजली.