खंडेनवमीच्या माळेचा दोरा

आई,

चालायचं मशीन तुमच्यामुळे बिघडलं नव्हतं. आज सकाळी प्लग काढून पुढचं झाकण उघडलं. चढ वर-खाली करणाऱ्या मोटरच्या आट्यांत झेंडूच्या माळेचा दोरा गुंडाळला होता. खंडेनवमीला ती माळ मीच बांधली होती, आणि पूजेचा फोटो चांगला यावा म्हणून चढाचं बटणही मीच दाबलं होतं.

दसऱ्याला सविताताई वरवंडहून माहेरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "आईंनीच काहीतरी दाबलं." तुम्ही म्हणालात, "मी नुसती चालती गं, बटणाला हातबी लावत न्हाई." आम्ही दोघी हसलो. त्यानंतर तुम्ही मशीनवर पाय ठेवला नाही. साखर वाढली. गल्लीत चालताना कुत्रं अंगावर आलं, तेही मला शेजारणीकडून कळलं. बातमीसाठी मी दहा जणांना विचारते, तुम्हाला मात्र एकदाही धड विचारलं नाही.

दोरा कापून काढलाय. मोटर रिकामी चालवून पाहिली, आता अडकत नाही. पट्टा सपाट ठेवलाय. लाल दोरीचा चिमटा पदराला लावूनच चाला, म्हणजे तोल गेला तर मशीन थांबेल.

मी सभेच्या बातमीसाठी शिरूरला निघाले आहे. तुम्ही देवळातून येईपर्यंत थांबता आलं असतं, पण धीर झाला नाही.

चुकीची बातमी गेली की आम्ही दुरुस्ती त्याच पानावर छापतो. म्हणून सविताताईंना फोन करून सगळं सांगितलंय. त्या संध्याकाळी येताहेत, तोवर मीही परतेन. त्यांच्यासमोर मला काय सुनवायचं ते सुनवा. मी हसणार नाही.

अनुपमा