दादाचा सॅक्सोफोन सरांकडे ठेवते आहे

आई,

कॉलेज सुटल्यावर परस्पर शिकवणीला जाते, यायला आठ वाजतील. भाजी चिरून ठेवली आहे. गुडघ्याची गोळी चुकवू नकोस.

दादाचा सॅक्सोफोन सोबत नेते आहे. यापुढे तो सरांकडेच राहील, मी तिथेच सराव करीन. तुझ्यावर रागावून नाही.

सर चार महिने माझ्या मागे लागले होते, "दादा घ्यायचा तसा श्वास घे, धाप लागल्यासारखा नको." काल त्याचं गाणं पहिल्यांदाच न अडखळता वाजलं. तेवढ्यात तू चहा घेऊन खोलीत आलीस आणि मला बघून दारातच थबकलीस. "तू होय," एवढंच म्हणालीस आणि कप टेबलावर ठेवून गेलीस.

त्याला जाऊन वर्ष झालं, आई. त्याच्यासारखं वाजवलं की तुला बरं वाटेल, असं मी धरून चालले होते. तू क्षणभर त्यालाच बघायला येशील, हे डोक्यातच आलं नाही.

कप विसळून ठेवला आहे. चहा ओतून दिला नाही, सगळा प्यायले. बिनसाखरेचा होता, त्याला लागायचा तसा.

धाकटी