दोन खोल्या, न मागणाऱ्या मुलाच्या नावे

माझ्या मुलीने माझ्यादेखत भंगारवाल्याला घरात आणलं, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. तिच्या दादाची कारखान्यातल्या कामाची हत्यारं विकायला. आणि दादा काय करत होता? पोत्याचं तोंड धरून उभा होता. मी पलंगावरून उठले आणि हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसले. भंगारवाला शहाणा, रिकामं पोतं उचलून गेला.

आता रीतीप्रमाणे. मी, जिला गल्लीत लाँड्रीवाली आजी म्हणतात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, चालवून घ्यावं. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. याआधी कोणाला काही कबूल केलं असेल तर ते रद्द.

एक. दोन खोल्यांचं हे घर माझ्या एकटीच्या कमाईचं. इस्पितळाच्या चादरी धुऊन घेतलंय. नवऱ्याने फक्त भिंतींचा रंग निवडला, तोही उडाला. हे घर मी मुलाला पूर्ण मालकीने देत आहे. मुलगी म्हणते, "आई, माझ्या नावावर कर. दादाला काय मी बाहेर काढणार आहे?" नाही काढणार गं. पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी तो तुला फोन करेल. आताच "आई, पंखा लावू का?" म्हणून मला विचारतो.

हा लेथवर टर्नर होता. साहेबाला तोंडावर सुनवायचा. कारखाना बंद पडला त्याला दहाएक वर्षं झाली. आधी घरात दारं आपटली. मग शर्टाला इस्त्री करून नोकऱ्या मागत फिरला. सगळीकडे वय विचारलं आणि परत पाठवलं. शेजारीण म्हणते, "किती शांत झालाय हो तुमचा मुलगा." शांत नाही बाई, विझलाय.

दोन. बँकेतली शिल्लक सुनेला. तिचं-माझं कधी पटलं नाही. ती औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला जाऊन घर चालवते. मध्यंतरी भाजी रोज अळणी व्हायला लागली, म्हणून मी तिला झापलं. तर म्हणाली, "मुद्दाम करते. पूर्वी मीठ कमी पडलं की हे ताट सरकवून द्यायचे. एकदा तरी सरकवू देत." तेव्हापासून मीही गुपचूप अळणी खाते. तो रोज "छान झालंय" म्हणतो आणि ताट पुसून उठतो.

तीन. हत्यारांची पेटी मुलाची. अजून तो त्यांना तेल लावतो, गंज चढू देत नाही. एवढं एकच काम तो कोणाला न विचारता करतो. काम मिळो न मिळो, पेटीला हात लावायचा नाही.

चार. मुलीला माझ्या बांगड्या आणि कपाट. कपाटाचं दार बंद होत नाही, तुझ्या तोंडासारखं.

साक्षीदार: समोरची शिंपीण (सही). कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर (सही). दोघांना यातलं काही मिळणार नाही, म्हणूनच बोलावलं.

ठिकाण: माझा पलंग. तारीख कंपाउंडरने घातली आहे, मला कॅलेंडर दिसत नाही.

सहीखाली आणखी एक. वकिलाने हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं आणि मुलाला विचारावं, घर घेतोस का. तो आधी बहिणीकडे बघेल, मग बायकोकडे. दोघींनी खाली बघायचं. "हो" म्हणाला तर घर त्याचं, "नको" म्हणाला तर सुनेचं. कितीही वेळ लागो, उत्तर त्यानेच द्यायचं. तोवर दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही.